हॅवची हैराणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की इंग्रजीतलं कुठलं क्रियापद तुम्हाला सगळ्यात जास्त छळतं, आणि मनात धरूनच बसलो होतो की 'गेट' येणार नाहीतर 'लाय' आणि 'ले'ची ती कुप्रसिद्ध जोडी येणार. आलं भलतंच. गठ्ठ्यात वरपासून खालपर्यंत हॅव, हॅव आणि हॅव. आधी जरा हिरमुसलो, हे तर पहिल्या धड्यातलं क्रियापद, यावर काय लिहायचं, पण पत्रं वाचत गेलो तसं कळलं की सोपं म्हणून आपण त्याच्याकडे धड बघितलेलंच नाहीये. म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत. आणि हो, एक गोष्ट मी खाली परत परत सांगणारे, कंटाळू नका : हॅवचा अर्थ हॅवमध्ये शोधू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा.

प्रश्न : मी बोलताना 'आय ॲम हॅविंग अ कार' म्हटलं तर ऑफिसमधली एक सहकारी म्हणाली हे चूक आहे, 'आय हॅव अ कार' म्हण. ठीक. पण त्याच दिवशी दुपारी ती फोनवर कुणालातरी 'आय ॲम हॅविंग लंच' म्हणाली, मी स्वतः ऐकलं. तिचं हॅविंग बरोबर आणि माझं चूक, हे कसं काय?

उत्तर : तिचं दोन्ही वेळेला बरोबर होतं, सॉरी. हॅव दोन वेगळी कामं करतं. एक म्हणजे काहीतरी असणं, गाडी असणं, भाऊ असणं, निळे डोळे असणं. ही नुसती स्थिती झाली, त्यात आत्ता काही 'चाललेलं' नाही, त्यामुळे आयएनजी लागत नाही. आपणही 'माझ्याकडे गाडी असत आहे' म्हणतो का? इंग्रजी माणसाच्या कानाला 'आय ॲम हॅविंग अ कार' साधारण तसंच लागतं. दुसरं काम म्हणजे काहीतरी करणं, घेणं, अनुभवणं. लंच ही वस्तू नाही, ती घडणारी गोष्ट आहे, सुरू होते, चालते, संपते. तशीच अंघोळ, मीटिंग, भांडण, मजा. म्हणून 'शी इज हॅविंग अ बाथ', 'दे आर हॅविंग ॲन आर्ग्युमेंट', 'वी आर हॅविंग फन' हे सगळं चालतं, आणि शनिवारी पार्टी ठरली असेल तर 'वी आर हॅविंग अ पार्टी ऑन सॅटर्डे' पण चालतं.

शंका आली की आधी मनात मराठी वाक्य करा. तिथे नुसतं 'आहे' आलं तर हॅव किंवा हॅज, आणि 'जेवतोय, करतोय, चाललंय, येतेय' असं काही आलं तर हॅविंग. ही युक्ती शंभर टक्के अचूक नाही पण रोजच्या बोलण्यात दगा देत नाही. दुखण्याखुपण्यात मात्र सरळ हॅव वापरलेलं बरं, 'आय हॅव अ हेडेक', 'आय हॅव अ फीव्हर', आणि मधला तो 'अ' खाऊ नका, आपल्याकडून हमखास खाल्ला जातो कारण मराठीत तसलं काही नसतंच.

आता ही चूक इतकी पसरलीये की भारतीय इंग्रजीची खूण म्हणून भाषेचे अभ्यासक तिचा उल्लेख करतात, आणि आपल्या आपल्यात कुणाचं काही अडतही नाही. अडतं कुठे ते सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी एका परदेशी पाहुण्याला कौतुकाने सांगितलं, 'आय ॲम हॅविंग अ सन'. तो एकदम खूश, अभिनंदन केलं, वर तारीख कधीची म्हणून विचारलं. त्यांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. 'आय ॲम हॅविंग अ बेबी' म्हणजे मला बाळ होणार आहे, आणि 'आय हॅव अ बेबी' म्हणजे मला बाळ आहे. एका आयएनजीने अख्खं गरोदरपण मागे-पुढे होतं.

प्रश्न : शाळेत आम्हाला 'हॅव म्हणजे जवळ असणे' असं पाठ करून घेतलं होतं. पण 'मला वेळ आहे' यात जवळ असण्यासारखं काय आहे? 'टेबलाला चार पाय आहेत' यात कोण कुणाजवळ? मराठीत हॅवला नेमका शब्द कुठला?

उत्तर : शब्दच नाही. आणि मला विचाराल तर हॅवच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आपण काय करतो बघा. मला भाऊ आहे. माझ्याकडे पेन आहे. माझं घर आहे. तिच्यात हिंमत आहे. त्याला ताप आहे. मराठीत पाच वाक्यांत माणूस चार तऱ्हांनी येतो, कधी मला, कधी माझ्याकडे, कधी माझं, कधी 'च्यात', आणि क्रियापद मात्र एकच, साधं 'आहे'. इंग्रजीत नेमकं उलट. तिथे माणूस एकाच तऱ्हेने येतो, सरळ आय किंवा शी किंवा ही, आणि सगळा भार हॅव उचलतं. म्हणजे नात्याचे जे बारीक भेद आपण प्रत्ययांनी दाखवतो, पेन हातात आहे की घर मालकीचं आहे की ताप अंगात आहे, ते इंग्रजी दाखवतच नाही. आपण भाषांतर करायला बसलो की हे भेद कुठे ठेवायचे ते कळत नाही आणि मग 'माय साइड इज अ पेन' वगैरे चमत्कार होतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 'त्याला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' कुणामुळे आलं? त्याच्यामुळे नाही, भावांमुळे. मराठीत इथे कर्ता 'भाऊ' आहे. इंग्रजीत कर्ता 'ही', भाऊ दोन असोत नाहीतर दहा, क्रियापद 'हॅज'च राहणार. आता 'ही हॅव मेनी ब्रदर्स' असं लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते बघा, भाऊ अनेक आहेत म्हणून तो हॅव लावतो, त्याचं मराठी व्याकरण अगदी ठणठणीत असतं बिचाऱ्याचं. त्याला नुसतं 'थर्ड पर्सन सिंग्युलर' असं ओरडून उपयोग नाही, वाक्याचा मालक बदललाय हे सांगायला हवं.

आणि आपण यात एकटे नाही बरं का. संस्कृतातही 'मम पुस्तकम् अस्ति', माझं पुस्तक आहे. रशियन माणूसही 'माझ्यापाशी आहे' अशाच धाटणीने बोलतो, आयरिश भाषेत पुस्तक माझ्या'कडे' असतं, अगदी आपल्यासारखं. लॅटिनमध्ये तर दोन्ही सोयी होत्या, 'मिही एस्ट' म्हणजे मला आहे, आणि शिवाय 'हाबेरे' हे वेगळं क्रियापद. हे हाबेरे आणि इंग्रजी हॅव दिसायला जुळे भाऊ वाटतात, अर्थही तोच, पण भाषाशास्त्र सांगतं की त्यांचं एकमेकांशी नातं नाही! हॅवचा खरा लॅटिन चुलतभाऊ 'कापेरे', म्हणजे पकडणे, ज्याच्यावरून कॅप्चर आणि कॅप्टिव्ह आले. आणि हाबेरेचा इंग्रजीतला नातेवाईक म्हणून सांगतात तो चक्क 'गिव्ह'. म्हणजे एकाच्या पोटी पकडणे आणि दुसऱ्याच्या घराण्यात देणे, काय म्हणावं याला. पण हॅवच्या मुळाशी मुठीत धरणं आहे हे लक्षात ठेवलंत तर कर्ता तिथे माणूस का असतो ते पटेल, धरणारा तोच ना.

प्रश्न : सर, 'डज ही हॅज अ पेन' याला लाल रेघ आली. ही असेल तर हॅज येतं असं सरांनीच सांगितलं होतं. मी दहावीत आहे.

उत्तर : अरे, एस एकदाच लागतो. तो 'डू'ने घेतला आणि त्याचं 'डज' झालं, आता हॅवला परत कशाला? तसंच 'डिड यू हॅड' नाही, 'डिड यू हॅव', कारण भूतकाळ 'डिड'ने उचलला. विल, शुड, मे, मस्ट यांच्या पुढेही नेहमी हॅवच, 'ही शुड हॅव अ पेन'. गंमत म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारेही या शुड हॅवला चुकतात, वेगळ्या तऱ्हेने. ते पटकन 'शुडव्ह' असं बोलतात, ते कानाला 'शुड ऑफ' वाटतं, आणि मग लिहितातही 'ऑफ'. ती चूक तुझ्या हातून होणार नाही कारण तू इंग्रजी कानाने नाही, डोळ्याने शिकलायस.

प्रश्न : 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' यात चूक काय आहे? मी त्याला काल पाहिलंय, बरोबरच आहे की. आणि मी 2019 पासून याच कंपनीत आहे तर 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019' हेही मुलाखतीत खटकलं म्हणे.

उत्तर : दोन्ही वाक्यं मराठीत विचार केल्याची आहेत, आणि दोन्ही ठिकाणी मराठी बरोबर आहे. आपल्या 'पाहिलंय'ला काल चालतो, इंग्रजीच्या 'हॅव सीन'ला चालत नाही. तिथे हॅवच्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की ती गोष्ट आजला चिकटलेली असते. काल, गेल्या वर्षी, 2019मध्ये, लहानपणी, असा संपलेला काळ तोंडाने उच्चारलात की हॅव गळून पडलं पाहिजे. 'आय सॉ हिम येस्टरडे', बस. कधी ते सांगायचं नसेल, नुसतं पाहिलंय एवढंच सांगायचं असेल, तर खुशाल 'आय हॅव सीन हिम'.

सिन्सचं उलटं आहे. 2019ला सुरू झालेलं काम आजपर्यंत आलंय, म्हणजे एक टोक मागे आणि एक टोक आत्ता, तिथे हॅव हवंच, 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019'. मराठीत आपण 'करतोय' म्हणून मोकळे होतो, 'पासून' या शब्दानेच सगळं काम भागतं, म्हणून तोंडात 'ॲम वर्किंग' येतं.

याच्यातच आणखी एक जोडी, ती मात्र आपल्याला सोपी जायला हवी तरी जात नाही. 'शी हॅज गॉन टू लंडन' म्हणजे ती लंडनला गेलीये, अजून तिकडेच आहे. 'शी हॅज बीन टू लंडन' म्हणजे जाऊन आलीये. बघा, मराठीत हा फरक आयता तयार आहे, गेलीये आणि जाऊन आलीये, फक्त जुळवायचा. त्यामुळे स्वतःबद्दल समोरासमोर बोलताना 'आय हॅव गॉन टू लंडन' जवळजवळ कधीच येत नाही, गेलाय तर इथे बोलतोय कोण?

प्रश्न : मी सहकाऱ्यांना सांगितलं 'येस्टरडे आय कट माय हेअर', तर एकाने विचारलं स्वतः कापलेस का. सगळे हसले. मग काय म्हणायला हवं होतं?

उत्तर : 'आय हॅड माय हेअर कट'. मी केस कापून घेतले. हे हॅव मला व्यक्तिशः सगळ्यात आवडतं, कारण आख्ख्या इंग्रजीत मराठीच्या इतकं जवळ दुसरं फारसं काही सापडत नाही. आपण म्हणतो कापून घेतले, दुरुस्त करून घेतला, रंगवून घेतलं, तपासून घेतले. या 'करून घेणे'च्या जागी सरळ हॅव बसतं. क्रम मात्र सांभाळायचा, हॅव, मग वस्तू, मग तिसरं रूप. 'आय हॅड माय आईज टेस्टेड', 'वी आर हॅविंग द हाऊस पेंटेड'. (इथे हॅविंग चालतं हं, घर रंगवून घेणं चालू आहे, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आठवा.)

क्रम हलला की अर्थ हलतो. 'आय हॅड रिपेअर्ड द फोन' म्हणजे फोन मीच दुरुस्त केला होता. 'आय हॅड द फोन रिपेअर्ड' म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतला. शब्द तेवढेच, तेच, फक्त फोन सरकला आणि श्रेय दुसऱ्याला गेलं. जुन्या इंग्रजीत ही दोन वाक्यं इतकी लांब नव्हती. 'माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं' अशा रचनेतूनच पुढे 'मी पत्र लिहिलंय' हा अर्थ निघाला आणि आजचा तो परफेक्ट टेन्स तयार झाला, आणि तेव्हा ते 'लिहिलेलं' कर्माप्रमाणे बदलूही शकायचं, आपलं कसं पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, अगदी तसं. पुढे इंग्रजीने ते सोडून दिलं. आपण अजून सांभाळून आहोत.

माणसाकडून करून घ्यायचं असेल आणि त्याचा उल्लेख करायचा असेल तर 'आय हॅड हिम रिपेअर इट', मध्ये 'टू' नाही. गेट वापरलंत तर 'टू' लागतं, 'आय गॉट हिम टू रिपेअर इट', आणि त्यात जरा पटवावं लागलं, मागे लागावं लागलं असा वास येतो. एक खड्डा सांगून ठेवतो. 'आय हॅड माय फोन स्टोलन' म्हणजे मी फोन चोरून घेतला असं नाही. माझा फोन चोरीला गेला. वाईट गोष्ट असेल तर हीच रचना 'माझ्या बाबतीत असं झालं' असा अर्थ देते, करून घेतल्याचा नाही. ऐकणारा ते संदर्भाने ओळखतो, तुम्हीही ओळखाल.

प्रश्न : मस्ट आणि हॅव टू एकच ना? मग 'यू मस्ट नॉट कम' आणि 'यू डोन्ट हॅव टू कम' पण एकच?

उत्तर : पहिल्या प्रश्नाला बरंचसं हो, दुसऱ्याला अजिबात नाही. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचं नाही, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे यायलाच पाहिजे असं काही नाही, आलात तरी चालेल. एखाद्याला प्रेमाने 'उगाच धावपळ करू नका' सांगायचं असेल आणि तुम्ही मस्ट नॉट लिहून पाठवलंत तर तो माणूस दुखावणार. मराठीत ताळा करायचा तर हॅव टू म्हणजे 'लागणे'. मला जावं लागतं, आय हॅव टू गो. जावं लागलं, आय हॅड टू गो. जावं लागेल, विल हॅव टू. मस्टला हे भूतकाळ-भविष्यकाळ जमत नाहीत म्हणून तिथे हॅव टूच मदतीला येतं.

नुसत्या 'मला जायचंय'ला मात्र जपून. त्यात कधी इच्छा असते, कधी नाइलाज. मला सिनेमाला जायचंय याचं 'आय हॅव टू गो टू अ मूव्ही' केलंत तर समोरच्याला वाटेल तुम्हाला कुणी जबरदस्तीने नेतंय. तिथे 'वाँट टू'. उच्चारात हे 'हॅव टू' नाही 'हॅफ्टू' होतं, आणि 'हॅज टू'चं 'हॅस्टू'. पुढे 'ट' आहे म्हणून आधीचा आवाज कोरडा होतो, हे अशिक्षित उच्चार नाहीत, सगळेच असं बोलतात.

प्रश्न : 'आय हॅव गॉट' चांगलं की 'आय हॅव'? 

उत्तर : अर्थ एकच. हॅव गॉट बोलण्यात जास्त, ब्रिटिशांकडे अजून जास्त. फक्त प्रश्न करताना मिसळ करू नका, 'हॅव यू गॉट' किंवा 'डू यू हॅव', 'डू यू हॅव गॉट' नाही. आणि वस्तू पूर्वी होती असं सांगताना 'हॅड गॉट'च्या भानगडीत न पडता सरळ 'आय हॅड'.

प्रश्न : एका इंग्रजी पुस्तकात 'शी हॅड हॅड इनफ' असं छापलंय. छपाईची चूक आहे ना ही?

उत्तर : नाही हो. पहिलं हॅड काळ दाखवायला, दुसरं खरं क्रियापद. 'आय हॅव सीन'चं जसं आधीच्या भूतकाळात 'आय हॅड सीन' होतं, तसं 'आय हॅव हॅड'चं 'आय हॅड हॅड'. वाक्याचा अर्थ, तिचं तेव्हा पुरे झालं होतं, ती कंटाळली होती. बोलताना पहिलं हॅड इतकं हळू येतं की 'शीड हॅड' ऐकू येतं, कागदावर मात्र दोन्ही दात काढून उभी राहतात.

आणि दोनच बघून दचकलात? इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये एक जुनं कोडं फिरतं, त्यात ओळीने 11 हॅड आहेत आणि वाक्य व्याकरणाने पूर्ण शुद्ध आहे. गोष्ट अशी की जेम्स आणि जॉनने एकच वाक्य लिहिलं, जॉनने त्यात 'हॅड' लिहिलं होतं, जेम्सने 'हॅड हॅड', आणि बाईंना जेम्सचं जास्त आवडलं. आता हे इंग्रजीत एका दमात : जेम्स, व्हाइल जॉन हॅड हॅड 'हॅड', हॅड हॅड 'हॅड हॅड', 'हॅड हॅड' हॅड हॅड अ बेटर इफेक्ट ऑन द टीचर. अवतरणचिन्हं झाकून मुलांना वाचायला द्या आणि स्वल्पविराम कुठे ते त्यांनाच शोधू द्या, माझा स्वतःचा पहिल्यांदा चक्क अर्धा तास गेला होता.